अंगठा आणि दहा बोटे : ओळख पटविण्याच्या तंत्राचा इतिहास आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न

प्रस्तावना

जुन्या मराठी दस्तऐवजांच्या अखेरीस निरक्षर पक्षकाराची जी निशाणी असे, ती त्याच्या धंद्याची असे. कुणब्याची वा पाटलाची निशाणी नांगर, बलुतेदाराची त्याच्या हत्याराची. त्या निशाणीने कागदावर माणसाचे गावातील स्थान उमटत असे. तो माणूस नेमका कोणता, हे सांगण्याचे काम साक्षीदारांचे आणि पर्यायाने गावाचे होते. इंग्रजी अमलात या नांगराची जागा हळूहळू 'निशाणी डावा अंगठा' या शब्दांनी घेतली. वरवर पाहता हा बदल केवळ लेखनपद्धतीतील वाटतो. परंतु ओळख पटविण्याचा आधार गावाकडून सुटून माणसाच्या शरीरावर गेला, हा त्याचा खरा अर्थ होय.

आज महाविद्यालयात हजेरीसाठी यंत्रावर बोट टेकविणाऱ्या किंवा निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला बोटाने देणाऱ्या अध्यापकास या कृतीमागे सुमारे १६० वर्षांचा इतिहास आहे याची जाणीव क्वचितच असते. प्रस्तुत लेखात या इतिहासातील काही टप्पे तपासले आहेत. खासगीपणाविषयीची आपल्याकडील चर्चा 'ठसा द्यावा की न द्यावा' या प्रश्नाभोवती फिरते. हा प्रश्न अपुरा आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. बोटाचा ठसा दोन अगदी भिन्न कामांसाठी वापरता येतो. समोर उभा असलेला माणूस आपण म्हणतो तोच आहे काय, हे पाहणे म्हणजे पडताळणी. हाती आलेला ठसा हजारो नोंदींपैकी कोणाचा आहे, हे हुडकणे म्हणजे शोध. पडताळणीत माणूस समोर असतो आणि काय चालले आहे ते त्यास ठाऊक असते. शोधात त्याच्या उपस्थितीची वा संमतीची गरज नसते. त्यास त्याची वार्ताही नसते. पहिल्या कामासाठी गोळा केलेले ठसे दुसऱ्या कामासाठी कधी व कसे वापरले जाऊ लागले, हे पाहिल्याशिवाय व्यक्तिस्वातंत्र्यावरील संकटाचे स्वरूप उलगडत नाही.

करारापुरता ठसा

१८५८ च्या जुलै महिन्यात बंगालमधील मुर्शिदाबाद जिल्ह्यात जंगीपूर येथे विल्यम जेम्स हर्षल या तरुण मुलकी अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीचा एक करार केला. पुरवठादाराचे नाव राज्यधर कोनाई. करारपत्राच्या पाठीवर हर्षलने कोनाईच्या उजव्या हाताच्या पंजाचा ठसा उमटवून घेतला. त्यासाठी कचेरीच्या शिक्क्याचीच शाई वापरली. यामागे कोणतेही शास्त्र नव्हते. पुढे आपली सही नाकारण्याचा विचारही कोनाईच्या मनात येऊ नये, एवढा धाक बसावा हा हेतू होता, असे हर्षलने १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात मोकळेपणाने लिहिले आहे. बोटांच्या ठशांच्या आधुनिक इतिहासाचा आरंभ असा अविश्वासात आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

अर्थात अविश्वास एकतर्फी नव्हता. नीळ मळेवाल्यांच्या विरुद्ध १८५९-६० मध्ये रयतेने केलेल्या उठावाच्या वेळी खोट्या करारपत्रांचा प्रश्न ऐरणीवर आला. करार रयतेने नाकारला की मळेवाल्याने बनावट केला, हे ठरविणे न्यायाधीशास अशक्य होई. हर्षलने त्यावर ठशाचा उपाय सुचविला. सरकारने तो तेव्हा मनावर घेतला नाही. दख्खनमधील स्थिती निराळी नव्हती. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे वाडे फोडले ते मुख्यतः खतपत्रे हाती घेऊन जाळण्यासाठी. ज्याला कागद वाचता येत नाही त्याच्या दृष्टीने कागदावरची खूण ही संरक्षण नसून फास असू शकते, हे दख्खनचा शेतकरी अनुभवाने जाणून होता.

१८७७ मध्ये हुगळीचा दंडाधिकारी असताना हर्षलने तीन ठिकाणी ठशांचा उपयोग केला : दस्तनोंदणी, निवृत्तिवेतन आणि तुरुंग. मेलेल्या पेन्शनराच्या नावे दुसऱ्याच कोणी वेतन घेऊ नये आणि शिक्षा झालेल्याऐवजी भाडोत्री माणसाने तुरुंगवास भोगू नये, एवढाच उद्देश होता. तिन्ही ठिकाणी माणूस समोर आहे आणि त्याचा आजचा ठसा कालच्या ठशाशी जुळतो की नाही एवढे पाहावयाचे आहे. म्हणजे ही निव्वळ पडताळणी होती. हर्षलच्या नोंदवहीतून अनोळखी ठशाचा मालक शोधून काढण्याचे कोणतेही साधन त्याच्याजवळ नव्हते. १८८० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात हेन्री फॉल्ड्स आणि हर्षल यांची पत्रे प्रसिद्ध झाली, १८९२ मध्ये फ्रान्सिस गाल्टनचा ग्रंथ आला. ठसे आयुष्यभर बदलत नाहीत हे सिद्ध होत गेले. तथापि नोंदींचा ढीग जितका मोठा, तितका तो निरुपयोगी, ही अडचण कायम होती.

१,०२४ खणांचे कपाट

ही अडचण लंडनमध्ये नव्हे, कलकत्त्यात सुटली. १८९० च्या दशकात बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या कचेरीत पॅरिसच्या आल्फोन्स बर्तियाँ याची अंगमापन पद्धती चालू होती. डोक्याची लांबी, मधल्या बोटाची लांबी, पाऊल इत्यादी मापे घेऊन कैद्याची नोंद करावयाची. या पद्धतीस बारीक उपकरणे व तरबेज माणसे लागत. दोन शिपायांनी घेतलेली एकाच माणसाची मापे जुळत नसत. ठशाला पत्र्याचा एक तुकडा, थोडी शाई आणि कागद पुरे. पोलीस यंत्रणेने ठशांची निवड केली त्यात शास्त्रीय श्रेष्ठतेचा वाटा होताच. पण स्वस्ताईचा वाटा त्याहून कमी नव्हता.

प्रश्न होता तो वर्गीकरणाचा. हेन्रींच्या हाताखालील अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन उपनिरीक्षकांनी तो सोडविला. आपल्याकडे हस्तसामुद्रिकात बोटांवरील शंख व चक्रे मोजण्याची प्रथा आहे. त्याच शब्दांत ही पद्धती सांगता येईल. दहा बोटांच्या पाच जोड्या पाडावयाच्या. प्रत्येक बोटावर एकतर चक्र किंवा शंख आहे असे धरावयाचे. कमानीसारखी आकृती शंखात मोजावयाची. म्हणजे एका जोडीच्या चार शक्यता होतात, आणि चार हा अंक पाच वेळा स्वतःशी गुणला की १,०२४ येतात. ३२ आडवे आणि ३२ उभे अशा खणांचे एक कपाट केले की कोणत्याही माणसाची दहा बोटांची चिठ्ठी नेमक्या एका खणात पडते. नवा कैदी आला की त्याच्या खणातील चिठ्ठ्या तेवढ्या पाहावयाच्या. पुढे उपविभाग पडत गेले, पण गाभा हाच.

पडताळणीचे साधन शोधाचे साधन झाले ते या कपाटाने. त्याच कारणाने एक बोट पुरेनासे होऊन दहा बोटे आवश्यक ठरली. पेन्शनराची ओळख पटविण्यास एक अंगठा पुष्कळ आहे. कपाटातील खण ठरविण्यासाठी मात्र दहाही बोटे हवीत. 'अंगठा' आणि 'दहा बोटे' यांतील हा फरक पुढील सर्व वादाचा कणा आहे.

मार्च १८९७ मध्ये सर्व्हेअर जनरल चार्ल्स स्ट्रॅहान आणि रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर पेडलर यांच्या समितीने ठशांची पद्धती श्रेष्ठ ठरविली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये हिंदुस्थान सरकारने ती स्वीकारली. लगेचच जलपैगुरी जिल्ह्यात एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. त्याच्या पेटीतील बंगाली पंचांगावर तपकिरी रंगाचे पुसट डाग होते. त्यांपैकी एक डाग कलकत्त्याच्या कचेरीतील कांगाली चरण याच्या उजव्या अंगठ्याच्या ठशाशी जुळला. पूर्वी चोरीची शिक्षा झाल्याने त्याचे ठसे तेथे होते. १८९८ च्या निकालात न्यायालयाने त्यास चोरीबद्दल दोषी धरले. खुनाचा आरोप मात्र सिद्ध मानला नाही. ठशावरून तो माणूस तेथे होता इतकेच म्हणता येते, त्याने काय केले हे म्हणता येत नाही, हा विवेक त्या न्यायालयाने दाखविला. या नव्या पुराव्याला कायद्यात जागा देण्यासाठी १८९९ मध्ये पुराव्याच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि १९०१ मध्ये हीच पद्धती लंडनच्या स्कॉटलंड यार्डात गेली. तिला नाव मिळाले ते हेन्रींचे. हक व बोस यांना पुष्कळ उशिराने खानबहादूर व रायबहादूर हे किताब आणि बक्षिसाची रक्कम मिळाली. वसाहतीच्या ज्ञानव्यवहारात असे श्रेय बहुधा वरच्या खुर्चीकडेच जाई.

ट्रान्सवालमधील दहा बोटे

१९०० मध्ये हेन्रींना दक्षिण आफ्रिकेत पोलीस दलाची घडी बसविण्यासाठी पाठविण्यात आले. कलकत्त्याची पद्धती त्यांच्याबरोबर जोहान्सबर्गला पोहोचली. बोअर युद्धानंतर तेथील हिंदी व्यापारी व मजूर यांना नव्याने नोंदणी करण्यास सांगण्यात आले तेव्हा, १९०३ च्या सुमारास, पुष्कळांनी अंगठ्याचा ठसा देऊन परवाने घेतले. त्या वेळी विशेष गाजावाजा झाला नाही, कारण तो एक अंगठा होता आणि तो राजीखुशीने दिलेला होता.

२२ ऑगस्ट १९०६ रोजी ट्रान्सवाल सरकारच्या राजपत्रात जो मसुदा प्रसिद्ध झाला त्याचे स्वरूप निराळे होते. आठ वर्षांवरील प्रत्येक हिंदी स्त्री-पुरुषाने नोंदणी करावी, दहा बोटांचे ठसे द्यावेत, प्रमाणपत्र सदैव जवळ बाळगावे आणि पोलिसाने मागितल्यास कोठेही दाखवावे. न दाखविल्यास दंड, कैद वा हद्दपारी. गांधीजींनी या विषयावर काही वाचावे म्हणून हेन्रींचेच पुस्तक मिळविले. त्यातून त्यांना कळले की हिंदुस्थानात कायद्याने दहा बोटांचे ठसे केवळ गुन्हेगारांकडूनच घेतले जातात. 'दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास' या ग्रंथात त्यांनी ही गोष्ट नमूद केली आहे. एका राजकीय लढ्याच्या नेत्याने पोलिसी तंत्राचे मूळ पाठ्यपुस्तक वाचून आपली भूमिका ठरवावी, हे उदाहरण आजच्या अभ्यासकांनीही गिरविण्याजोगे आहे.

११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर नाट्यगृहात सुमारे तीन हजार हिंदी लोकांनी हा कायदा न मानण्याची शपथ घेतली. लंडनने मसुद्यास मान्यता नाकारली. पण १९०७ मध्ये स्वराज्याचे अधिकार मिळालेल्या ट्रान्सवालच्या विधिमंडळाने तोच कायदा पुन्हा संमत केला. सुमारे तेरा हजारांच्या समाजातील जेमतेम पाचशे लोकांनी मुदतीत नोंदणी केली. जानेवारी १९०८ मध्ये गांधीजींना कैद झाली आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेस जनरल स्मट्स यांच्याशी तडजोड झाली. हिंदी लोकांनी आपण होऊन नोंदणी करावी आणि सरकारने कायदा मागे घ्यावा, असा गांधीजींनी तिचा अर्थ घेतला होता.

या तडजोडीत एक तपशील असा होता की सुशिक्षित व मालमत्ताधारक यांची सही चालेल आणि ज्यांचा दहा बोटांस तात्त्विक विरोध असेल त्यांना अंगठ्यांवर सवलत मिळेल. गांधीजी बॅरिस्टर होते. त्यांची सही पुरली असती. तरीही त्यांनी दहा बोटे देण्याचे ठरविले. सक्तीने सलाम करावयास लावणे आणि आपण होऊन सलाम करणे यांत जितके अंतर आहे, तितकेच सक्तीच्या व स्वेच्छेच्या ठशांत आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. अनेकांस तो पटला नाही. १० फेब्रुवारी १९०८ रोजी नोंदणी कचेरीकडे जात असताना मीर आलम या पठाण अशिलाने त्यांना वाटेत अडविले. दहा बोटांचे ठसे देऊन प्रमाणपत्र घ्यावयास जात आहे, तू आलास तर तुला केवळ दोन अंगठ्यांवर आधी मिळवून देतो, असे उत्तर गांधीजींनी दिले. पुढच्याच क्षणी डोक्यावर काठी बसली. शुद्धीवर आल्यानंतर धर्मोपदेशक जोसेफ डोक यांच्या घरी बिछान्यावर पडूनच गांधीजींनी नोंदणी अधिकाऱ्याला बोलावून आपले ठसे दिले.

या प्रसंगात गांधीजींची बाजू नैतिक दृष्ट्या उंच आहे. पण व्यवहारात मीर आलमची शंका खरी ठरली, हेही इतिहासकाराने नोंदविले पाहिजे. कायदा मागे घेतला गेला नाही. आपण होऊन दिलेली दहा बोटे मात्र सरकारच्या कपाटात गेली ती गेलीच. संमतीने दिलेली माहिती संमती काढून घेतल्यावर परत मिळत नाही, ही अडचण तेव्हाच उघड झाली होती. १६ ऑगस्ट १९०८ रोजी हमीदिया मशिदीच्या पटांगणात दोन हजारांहून अधिक प्रमाणपत्रांची होळी करण्यात आली. मीर आलम तेथे आला, आपली चूक झाली असे त्याने जाहीरपणे सांगितले आणि आपले प्रमाणपत्र होळीसाठी दिले. सुप्याच्या शेतकऱ्यांनी जाळलेले खत हाच सावकाराचा एकमेव पुरावा होता. जोहान्सबर्गमध्ये जळले ते प्रमाणपत्र. ठशांची चिठ्ठी कचेरीत शाबूत राहिली.

१९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले आणि काळा कायदा रद्द होईल असा समज घेऊन परतले. तसे घडले नाही. लढ्याची सांगता झाली ती १९१४ च्या कायद्याने. त्यातील एक तरतूद आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. धारकाच्या अंगठ्याचा ठसा असलेले अधिवासाचे प्रमाणपत्र त्याची ओळख पटताच प्रवेशाच्या हक्काचा निर्णायक पुरावा मानले जाईल, असे ठरले. दहा बोटांपासून सुरू झालेला वाद एका अंगठ्यावर येऊन मिटला. येथे ठसा धारकाच्या हाती आहे व तो त्याचा हक्क सिद्ध करतो. ठशाला सरसकट विरोध हा त्या सत्याग्रहाचा आशय नव्हता, असे यावरून म्हणता येते.

या लढ्याची मर्यादाही स्पष्ट आहे. 'ठसे गुन्हेगारांकडून घेतात, आम्ही गुन्हेगार नाही' हा युक्तिवाद ज्यांना आधीच गुन्हेगार ठरविले आहे त्यांना वाऱ्यावर सोडतो. ट्रान्सवालच्या खाणींत पास बाळगणाऱ्या आफ्रिकी मजुरांचा प्रश्न त्यात आला नाही. हिंदुस्थानात तर असे मोठे समूह होते की ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरविण्यात आले होते.

जन्मजात नोंद

१८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या नव्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई व मद्रास इलाख्यांसह सर्वत्र झाली आणि नोंद झालेल्या कोणत्याही व्यक्तीच्या बोटांचे ठसे कधीही घेण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यास मिळाला. येथे खटला नाही, गुन्हा नाही. जमातीचे नाव पुरेसे आहे. पारधी, कैकाडी यांसारख्या जमातींच्या वाट्याला हजेरी, पास आणि तारेच्या कुंपणातील वसाहती आल्या. सोलापूरची 'सेटलमेंट' महाराष्ट्रास परिचित आहे. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) या आत्मकथनांमुळे या व्यवस्थेचे उत्तरायुष्य मराठी वाचकांपुढे आले. त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. कायदा गेला, पोलीस ठाण्यातील संशयाची सवय त्याबरोबर गेली नाही.

ठशांच्या संदर्भात १९२० चा कैद्यांची ओळख पटविण्याचा कायदा मात्र स्वातंत्र्यानंतरही जवळजवळ तसाच चालू राहिला. त्यास घटनात्मक आधार मिळाला तो मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या १९६१ च्या निकालात. अकरा न्यायमूर्तींच्या पीठासमोरील प्रश्न असा : आरोपीकडून बोटांचे ठसे घेणे म्हणजे त्यास स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडणे होय काय? बहुमताने उत्तर आले, नाही. साक्ष म्हणजे स्वतःच्या ज्ञानातून काही सांगणे. ठशाचे स्वरूप आरोपीच्या इच्छेने बदलत नाही, म्हणून ती साक्ष नव्हे. तर्क सुसंगत आहे. परंतु त्यात ठसा ही एका खटल्यातील एक वस्तू म्हणून पाहिली गेली; कपाटाचा विचार त्यात नाही. पुढच्याच वर्षी खडकसिंग खटल्यात पोलिसांच्या रात्रीच्या घरभेटी न्यायालयाने रद्द केल्या, मात्र खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे अमान्य केले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचे भिन्न मत तेव्हा अल्पमतात राहिले.

टेंभली ते वास्को

२००९ मध्ये विशिष्ट ओळख प्राधिकरण स्थापन झाले आणि २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी पहिले आधार क्रमांक देण्यात आले. ज्यांच्याजवळ रेशनकार्डाखेरीज ओळखीचा कागद नाही अशांना हक्काची ओळख मिळावी, हा घोषित हेतू होता आणि तो खोटा म्हणण्याचे कारण नाही. टेंभलीसारख्या गावातील माणसाला सही नसली तरी बोटे आहेत, हा विचार हर्षलच्या पेन्शनरांच्या यादीशी नाते सांगणारा आहे.

तंत्राची निवड येथे निर्णायक ठरते. शिधा वा वेतन देताना बोट टेकविणे ही पडताळणी आहे. त्यास एक बोट पुरते. पण एका माणसाने दोन क्रमांक घेऊ नयेत म्हणून नोंदणीच्या वेळी दहा बोटे, दोन्ही बुबुळे व छायाचित्र घेऊन त्यांची तुलना आधीच्या सर्व नोंदींशी करण्याची पद्धती स्वीकारली गेली. हा शोध आहे. ठसा केवळ कार्डाच्या चकतीवर, म्हणजे नागरिकाच्या खिशात ठेवण्याची रचनाही तांत्रिक दृष्ट्या शक्य होती. तिच्यात द्विरुक्ती पकडता आली नसती. द्विरुक्ती पकडावयाची तर मध्यवर्ती भांडार हवे. १,०२४ खणांच्या कपाटाच्या जागी १३० कोटींहून अधिक नोंदींचे भांडार आले. ते एकदा उभे राहिले की त्याचा दुसरा उपयोग कोणी ना कोणी मागणारच.

ही मागणी गोव्यातून आली. २०१३ मध्ये वास्को येथे एका शाळेत लहान मुलीवर अत्याचार झाला. घटनास्थळी मिळालेल्या ठशांचा मालक शोधण्यासाठी केंद्रीय अन्वेषण विभागाने गोव्यातील सर्व आधारधारकांची शारीरिक माहिती मागितली आणि कनिष्ठ न्यायालयाने ती देण्याचा आदेश केला. प्राधिकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेले. अशी जुळवणी तांत्रिक दृष्ट्या शक्य आहे काय, हे तज्ज्ञाकडून तपासावे, असे निर्देश खंडपीठाने दिले. त्यावर प्राधिकरणाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि २४ मार्च २०१४ रोजी त्या आदेशास स्थगिती मिळाली. व्यक्तीच्या लेखी संमतीविना तिची शारीरिक माहिती कोणत्याही यंत्रणेस देऊ नये, असे न्यायालयाने म्हटले.

या प्रकरणाकडे सोप्या नजरेने पाहता येत नाही. गुन्हा घृणास्पद होता, पीडित बालिका होती आणि तपासयंत्रणेची धडपड समजण्यासारखी होती. कांगाली चरणच्या वेळीही एका खुनाचा तपास होताच. फरक असा की १८९८ मध्ये कपाटात फक्त शिक्षा झालेल्यांच्या चिठ्ठ्या होत्या. गोव्यात शिधा, गॅस व शिष्यवृत्ती यांसाठी बोटे दिलेली सर्व माणसे, त्यांना न कळविता, संशयितांच्या रांगेत उभी राहणार होती. लाखो नोंदींत एका अर्धवट ठशाची जुळवणी केली असता निरपराध माणसाकडे बोट दाखविले जाण्याचा संभव किती वाढतो, हा प्रश्न वेगळाच. भांडार बाळगणाऱ्या सरकारी प्राधिकरणानेच दुसऱ्या सरकारी यंत्रणेस विरोध केला ही समाधानाची बाब खरी. परंतु ज्यांचे ठसे मागितले गेले त्या गोवेकरांपैकी कोणासही या वादात आपले म्हणणे मांडण्यासाठी बोलावले गेले नव्हते.

आधारविरोधी याचिकांच्या सुनावणीत २०१५ मध्ये केंद्र सरकारने खडकसिंग निकालाचा आधार घेऊन खासगीपण हा मूलभूत हक्क नाही असे म्हटले. त्यामुळे प्रश्न नऊ न्यायमूर्तींकडे गेला आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात तो हक्क एकमताने मान्य झाला. सुब्बा रावांच्या भिन्न मताला ५५ वर्षांनी न्याय मिळाला. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधारची योजना टिकली. बँक खाते व भ्रमणध्वनी यांच्याशी सक्तीची जोडणी रद्द झाली आणि खासगी कंपन्यांच्या वापरास आळा बसला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी संपूर्ण कायदाच घटनाबाह्य ठरविणारे भिन्न मत नोंदविले. २०१६ च्या मूळ कायद्यातही बोटे व बुबुळे यांची माहिती कोणत्याही कारणास्तव कोणालाही देऊ नये असे कलम आहे. न्यायालयाच्या आदेशाने इतर तपशील उघड करता येतात, ही माहिती नाही. राष्ट्रीय सुरक्षेचा अपवाद मात्र ठेवलेला आहे.

याच सुमारास शोधासाठीचे दुसरे भांडार स्वतंत्रपणे उभे राहत होते. १९२० च्या कायद्याची जागा २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने घेतली. तो ४ ऑगस्ट २०२२ पासून अमलात आहे. जुन्या कायद्यात छायाचित्र, बोटांचे व पावलांचे ठसे आणि मापे एवढेच होते, आणि तेही मुख्यतः एक वर्ष वा अधिक सक्तमजुरीच्या गुन्ह्यांपुरते. नव्या कायद्यात बुबुळे, नेत्रपटल, जैविक नमुने, सही व हस्ताक्षर यांचा समावेश आहे. कोणत्याही गुन्ह्यातील शिक्षापात्र व अटक झालेल्या व्यक्तींना तो लागू होतो. काही गुन्ह्यांत जैविक नमुने नाकारण्याची तेवढी मुभा आहे. शिवाय तपासास उपयोग होईल असे वाटल्यास दंडाधिकारी कोणत्याही व्यक्तीस माहिती देण्याचा आदेश करू शकतो. ही माहिती राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे ७५ वर्षे राहते. खटल्याविना सुटका झालेल्या वा निर्दोष ठरलेल्या व्यक्तीची नोंद नष्ट करावी अशी तरतूद आहे. परंतु न्यायालय वा दंडाधिकारी लेखी कारणे देऊन ती ठेवण्याचा आदेश देऊ शकतात, आणि पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झाली असल्यास ही तरतूद लागूच होत नाही. संशयावरून वारंवार अटक होणाऱ्या विमुक्त जमातींतील तरुणांपैकी किती जणांना तिचा लाभ मिळतो, याची पाहणी जिल्हावार व्हावयास हवी. विद्यापीठांतील समाजशास्त्र, इतिहास व विधी या तिन्ही विभागांनी मिळून हाती घ्यावे असे हे काम आहे.